धनुष्याची परीक्षा

दीपनगरच्या वसाहतीत एका स्नेह्यांच्या बैठकीत भिंतीवर एक धनुष्य टांगलेले असते. वसाहत वीजकेंद्राची, परंतु हवा निवळ असली म्हणजे उत्तरेस तापीपलीकडे सातपुड्याची रांग अंधुकशी दिसते, आणि हे धनुष्य त्या डोंगराच्या पायथ्याच्या एका बाजारातून हौसेने विकत आणलेले आहे. बांबू तासून आरशासारखा गुळगुळीत केलेला. त्यावर तांबडे-पिवळे पट्टे. दोन्ही टोकांस पितळेची टोपणे आणि त्यांना लोकरीचे गोंडे. दोरी सदैव चढविलेली. येणाऱ्या पाहुण्याची दृष्टी प्रथम तेथेच जाते, व धनुष्याबरोबर घरधन्याच्या रसिकतेचीही वाखाणणी होते.

एकदा चोपड्याकडील एक वृद्ध भिल्ल गृहस्थ काही कामानिमित्त त्या घरी आले होते. चहा होईपर्यंत ते धनुष्याकडे पाहत राहिले. मग परवानगी विचारून त्यांनी ते खाली घेतले, त्याच्या पाठीवरून अंगठा फिरविला, एक डोळा मिटून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली, दोरी बोटभर ओढून हलकेच सोडली आणि ते जागच्या जागी ठेवीत म्हणाले, “साहेब, हाऊ कामठा टांगाले शे, वढाले नही.” हा कामठा टांगावयाचा आहे, ओढावयाचा नव्हे.

या वाक्यात कुत्सितपणा नव्हता. एखाद्या ग्रंथावर जाणत्या परीक्षकाने दिलेल्या अभिप्रायासारखे ते नेमके होते. तेव्हापासून प्रस्तुत लेखकाच्या मनात एक प्रश्न घोळत आहे. शिकारीचे धनुष्य निवडणाऱ्याने त्याचे रूप पाहावे की त्याचे काम पाहावे? आणि कामच पाहावयाचे, तर रूपाला त्या निवडीत काही जागा उरते की नाही? प्रश्न धनुष्याचा खरा. परंतु ज्यांना वाङ्मयाची परीक्षा करावयाची असते त्यांनाही तो चुकविता येण्यासारखा नाही.

प्रथम काम म्हणजे काय ते पाहू. रानातील शिकारी झाडीत दबून उभा असतो. सावज जवळ, वेळ क्षणाचा, आणि दुसरा बाण सोडण्याची संधी बहुधा मिळावयाची नाही. अशा माणसास धनुष्याकडून चार गोष्टी हव्या असतात. त्याचा ताण आपल्या बाहूस पेलणारा असावा. त्याचे दोन्ही बाहू सारखे वाकावेत. सोडल्यावर ते चपळाईने पूर्वस्थितीस यावे. आणि त्याने आवाज करू नये. यांपैकी एकही गोष्ट भिंतीवरच्या धनुष्यात डोळ्यांस दिसत नाही. फार तर बाहूंचा सारखेपणा थोडा दिसेल, तोही धनुष्य ओढलेले असताना. म्हणजे निवडीच्या घटकेस डोळा जे पाहतो ते एक, आणि रानात हाताला जे लागते ते दुसरे. डोळा उतावळा आहे. त्याचा निकाल आधी लागतो. हाताचा निकाल उशिरा लागतो, पण त्यावर अपील नसते.

खानदेशातील भिल्लांचा जुना कामठा या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्याचा दांडा बांबूचा, आणि दोरीही पुष्कळदा बांबूच्याच चिरलेल्या कांबेची. ज्याने रेशमी दोरीची धनुष्ये चित्रांत पाहिली आहेत त्याला ही कांब ओबडधोबड वाटेल. परंतु कौटिलीय अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणी प्रत्यंचेची जी द्रव्ये सांगितली आहेत, त्यांत मूर्वा, रुई, ताग, स्नायू यांच्या पंक्तीस वेळूही बसलेला आहे. तेथे धनुष्याची जातही ताड, वेळू, लाकूड, शिंग अशा द्रव्यावरूनच ठरविली आहे. रंगावरून वा नक्षीवरून नव्हे. डोंगरातील माणसाने जे हाताशी होते ते घेतले हे खरे. पण त्याने घेतले ते शास्त्रालाही मान्य असलेले होते.

आता गुळगुळीतपणाचा विचार करू. बांबूचे बळ त्याच्या सालीजवळ दाटलेल्या तंतूंत असते. आतल्या बाजूस तंतू विरळ होत जातात. धनुष्य वाकले की पाठीवरचे तंतू ताणले जातात आणि सारा भार तेच सोसतात. जो कारागीर देखणेपणासाठी पाठ खरवडतो, पेरांच्या गाठी सपाट करतो आणि वर रंग चढवितो, तो सर्वांत समर्थ तंतूच कापून टाकतो. ज्याला आपण खडबडीतपणा म्हणून नाक मुरडतो, ती पेराची उंची म्हणजे धनुष्याचा कणा होय. वृद्ध गृहस्थांचा अंगठा पाठीवर फिरत होता तो याच गाठी शोधीत होता, आणि त्या त्याला सापडल्या नाहीत.

टोकांचेही असेच. ओढताना माणसाने खर्चिलेले बळ धनुष्यात साठते. सोडल्यावर त्यातले काही बाणास मिळते व काही धनुष्याचे स्वतःचे बाहू पुढे नेण्यात खर्ची पडते. या झेपेत सर्वांत वेगाने धावतात ती टोके. म्हणून टोकावर बांधलेला एक तोळा पितळ बाणाच्या तोंडचा घास काढून घेते. तेच पितळ मुठीवर बसविले असते तर काही बिघडले नसते. कारण धनुष्य सुटते तेव्हा मूठ जवळजवळ स्थिरच असते. यातून एक साधा नियम हाती येतो: अलंकार जेथे हालचाल नाही तेथे निरुपद्रवी असतो, जेथे सारी हालचाल आहे तेथे चोर ठरतो. मूठ रंगवा, तीवर चामडे गुंडाळा, वाटल्यास नावही कोरा. पाठीला आणि टोकांना मात्र हात लावू नका.

हा नियम गद्यालाही लागू आहे असे मला वाटते. निबंधाच्या प्रस्तावनेत, जेथे विचार अद्याप उभा आहे, तेथे एखादी उपमा खपून जाते. परंतु युक्तिवाद जेथे वेगाने मुद्द्याकडे झेपावत आहे तेथे लटकविलेला गोंडा वाचकाच्या ध्यानातला वेग खातो. आमचे पुष्कळसे लेखक मूठ कोरडी ठेवतात आणि टोकांना पितळ बसवितात.

येथे कोणी म्हणेल, हा तर उपयुक्ततावाद झाला. सौंदर्याचा स्वतंत्र अधिकार तुम्ही नाकारता. फडके आणि खांडेकर यांच्या निमित्ताने ‘कलेसाठी कला’ व ‘जीवनासाठी कला’ हा वाद महाराष्ट्राने एके काळी मोठ्या हिरिरीने खेळला. त्या वादाचा दोष असा की, दोन्ही पक्षांनी रूप आणि प्रयोजन ही दोन वेगळी गाठोडी आहेत असे गृहीत धरले आणि मग जड कोणते याचा झगडा केला. धनुष्याने हे गृहीतच खोटे पाडले आहे. चांगल्या धनुष्याची दोरी पूर्ण ओढली असता त्याच्या बाहूंची जी अखंड, चढत्या क्रमाने वळत जाणारी रेषा उमटते ती सुंदर असते हे कोण नाकारील? पण ती रेषा सुंदर दिसावी म्हणून कोणी काढलेली नसते. ताण कोठेही एका जागी साचू नये म्हणून कारागिराने दांडा जेथे ताठर तेथे इवलासा तासला, जेथे मऊ तेथे सोडला, आणि या न्यायबुद्धीचे दृश्य फळ म्हणजे ती रेषा. तेव्हा रूप हे कामाचे वैरीही नव्हे आणि पाहुणेही नव्हे. ते कामाची सही आहे. वैर येते ते बाहेरून आणून चिकटविलेल्या रूपाशी.

महाभारतकारांना हा भेद पक्का ठाऊक होता. विराटपर्वात बृहन्नडेच्या वेषातील अर्जुन राजपुत्र उत्तराला शमीवृक्षावरून पांडवांची धनुष्ये काढावयास सांगतो, तेव्हा कारण देतो ते असे की, तुमची धनुष्ये माझे बळ सोसणार नाहीत. उत्तर ती गाठोडी सोडतो आणि थक्क होतो. कोणावर सोन्याचे बिंदू, कोणावर सोन्याचे हत्ती, कोणावर इंद्रगोप किडे, कोणावर सूर्य. प्रत्येक नक्षीचे वर्णन करून तो विचारतो, हे कोणाचे? बृहन्नडा उत्तर देते ते नक्षीचे नसते. ते धनुष्य कोणी धरले आणि त्याने काय केले याचे असते. प्रश्न डोळ्यांचा, उत्तर हातांचे. व्यासांनी सोन्याचा तिरस्कार केलेला नाही. परंतु सोन्यावरून धनुष्य ओळखू पाहणारा ज्याने अद्याप युद्ध पाहिलेले नाही असा कोवळा राजपुत्र आहे, हे त्यांनी मुद्दाम घडविले आहे असे मानल्यास त्यात वावगे काय?

उलट बाजूचीही भूल असते. काहींना रंगाचा मोह नसतो, पण ताणाच्या कीर्तीचा असतो. आपल्याच्याने ओढवत नाही असे जबर धनुष्य बाळगण्यातही दिखाऊपणा आहेच. द्रौपदीच्या स्वयंवरात त्या कठीण धनुष्याच्या झटक्याने कित्येक राजे जमिनीवर आदळले, त्यांची हीच गत. कामाचेही सोंग आणता येते, हे कार्यवाद्यांनी विसरू नये.

सोळाव्या शतकातील इंग्लंडातही हाच विषय एका पंडिताने हाती घेतला. रॉजर ॲस्कम याने १५४५ मध्ये धनुर्विद्येवर लिहिलेल्या ‘टॉक्सोफिलस’ या संवादग्रंथात दुकानात धनुष्य कसे निवडावे याचा उपदेश आहे. लांब, सडपातळ, वजनदार, सरळ, पीळ नसलेले व गाठी-व्रणांनी न बिघडलेले धनुष्य घ्यावे, असा त्याचा आशय. विशेष हा की, गाठ तेथे दोष आणि बांबूत गाठ म्हणजे बळ. तेव्हा गुळगुळीतपणा हा स्वतः गुणही नाही व दोषही नाही. द्रव्याचा स्वभाव ओळखल्यावाचून परक्याच्या कसोट्या आपल्या दांड्यास लावणारा रसिक फसतोच. इंग्रजी कादंबरीच्या मापाने आमची ओवी मोजणारेही असेच फसले.

आपल्याकडे या विषयावर शेवटचा शब्द एका संताचा मानला जातो. चोखोबांनी आपल्या सुप्रसिद्ध अभंगात बाह्य रंगाला भुलणाऱ्यास बजावताना ऊस, नदी यांच्या जोडीला कमानीचाही दृष्टांत घेतला आहे. कमान वाकडी, पण तीर वाकडा नव्हे. अभंगाचा मुख्य उद्देश माणसाची परीक्षा वरच्या रूपावरून होऊ नये हा आहे, आणि तो ज्याच्या तोंडून आला त्याला ती परीक्षा जन्मभर सोसावी लागली होती. परंतु दृष्टांतांकडे बारकाईने पाहिले तर कमानीचा दृष्टांत उसाच्या एक पाऊल पुढे आहे. ऊस वाकडा असूनही रस गोड असतो. तेथे वाकडेपणाकडे कानाडोळा करावयाचा आहे. कमान मात्र वाकडी होते म्हणूनच तीर सरळ जातो. तिचा वाकडेपणा हा क्षमा करावयाचा दोष नसून सरळपणाचे उगमस्थान आहे. ज्याला आपण कुरूप म्हणतो तेच कित्येकदा कार्याचे मूळ असते, हे एवढ्या थोड्या शब्दांत अन्यत्र क्वचितच सुचविले गेले असेल.

आता एक अवघड गोष्ट राहिली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानेही शिकारीचा हक्क स्पष्टपणे वगळला. ते योग्यच झाले. राने आणि त्यांतील प्राणी यांची जी दशा आम्ही केली तीनंतर दुसरा मार्ग नव्हता. पण त्यामुळे शिकारीच्या धनुष्याचा परीक्षकच नाहीसा झाला. सावज खोटे बोलत नसे. वाईट कामठा पहिल्याच दिवशी उघडा पडे. आज कामठा होळीच्या मेळ्यात, आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत आणि पुढाऱ्यांच्या सत्कारात दिसतो. सत्कारात तो घेणारा तो उंच धरतो, क्वचित छायाचित्रापुरती दोरी ओढतो आणि शेजाऱ्याच्या हाती देतो. त्याला पट्टे हवेत, गोंडे हवेत. पेरांच्या गाठी नकोत. आणि जे गिऱ्हाईक मागते तेच कारागीर करतो, यात त्याचा काय अपराध? त्यालाही चूल पेटवावयाची आहे. भीती एवढीच की, कोठे तासावे आणि कोठे हात आवरावा हे ज्ञान ज्या अंगठ्यात आहे तो अंगठा पुढच्या पिढीस लाभणार नाही. एकलव्याचा अंगठा गुरूने मागून घेतला. हा अंगठा आम्ही कौतुक करून घेऊ.

उपाय शिकारीकडे परतण्याचा नव्हे. बांबूच्या धनुष्याने लक्ष्यवेध करण्याची स्पर्धा आपल्या देशात इंडियन राउंड या नावाने चालतेच. गवताचे लक्ष्यही सावजाइतकेच निःपक्षपाती असते. कामठा विकत घेणाऱ्याने निदान एकदा तो ओढून पाहावा, गाठी आहेत की नाहीत हे विचारावे आणि ओढावयाच्या कामठ्यास टांगावयाच्या कामठ्याहून अधिक दाम द्यावा. वाङ्मयाच्या परीक्षकाचे कामही याहून फार निराळे नसते.

दीपनगरच्या त्या धनुष्याविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. जाताना वृद्ध गृहस्थांनी त्याची दोरी उतरविण्याविषयी सुचविले होते. दांडा सदैव ताणलेला राहिला तर तो वाकडाच बसतो आणि त्यातला जीव जातो. स्नेह्यांनी दोरी उतरविली. दुसऱ्या दिवशी पाहतात तो भिंतीवर एक रंगीत काठी! ते धनुष्य आहे हे कोणाला ओळखू येईना. आठवडाभर त्यांनी धीर धरला आणि मग दोरी पुन्हा चढविली. धनुष्यासारखे दिसावे म्हणून ते आता रात्रंदिवस ताणलेले आहे, आणि रोज थोडथोडे धनुष्य नाहीसे होत आहे.