फाउंडेशनची माणसं

फाउंडेशन म्हटलं की हल्ली लोकांना ट्रस्ट आणि पावतीपुस्तक आठवतं. आपल्या जुन्या गाड्यांच्या मंडळात मात्र फाउंडेशन म्हणजे गिअरबॉक्सखालचा रबराचा ठोकळा. वर-खाली लोखंडी पट्टी, मध्ये रबर, दोन-चार बोल्ट. स्मरणिकेसाठी ‘आपली कला’ या विषयावर लिहायला घेतलं तेव्हा घरातूनच प्रश्न आला, “यात कला कसली?” त्या प्रश्नाला उत्तर म्हणून हा लेख समजावा.

आपला प्रकार तसा उलटाच आहे. परदेशातली महाराष्ट्र मंडळं तिकडे गणपती आणि नाटक सांभाळतात. आपण वसईजवळच्या माणिकपुरात बसून डेट्रॉइटची, म्हणजे अमेरिकन गाड्यांची, विद्या सांभाळतो. ती इथवर कशी आली हे नव्या सभासदांसाठी थोडक्यात सांगतो. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याला डॉज, डिसोटो, प्लिमथ जोडल्या. नुसत्या जोडणीपेक्षा इथल्या उत्पादनावर सरकारचा भर वाढला, तेव्हा 1954 मध्ये जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. पुढे परकीय चलनाची टंचाई आली आणि बाहेरून सुटे भाग येणं अवघड झालं. गाड्या मात्र इथेच राहिल्या. त्यांच्या रबराला आयातीचे नियम कुठले कळायला! ते आपल्या वेळेला फाटलंच.

मग सुट्या भागांचा शोध सुरू झाला. कुर्ला, ऑपेरा हाऊस, चोरबाजार. तिथेही मिळालं नाही की खाडी ओलांडून वसई. नवघर, गोखिवरे, वालीव, सातिवली इथल्या गाळ्यांत लेथ होते, प्रेस होत्या, रबर मोल्डिंगची माणसं होती. आपलं मंडळ अशाच एका गाळ्याच्या पत्र्याखाली, चहाच्या किटलीभोवती जमलं. ती हकिकत आपण दर वार्षिक सभेत ऐकतोच, इथे पुन्हा नको.

गिअरबॉक्सला रबरावर का बसवायचं, हेही आपल्याला डेट्रॉइटनेच शिकवलं. 1931 च्या प्लिमथमध्ये क्रायस्लरने ‘फ्लोटिंग पॉवर’ आणली. पुढचा आधार वर, पाण्याच्या पंपाखाली. मागचा खाली, गिअरबॉक्सशी. इंजिन ज्या रेषेभोवती आपसूक डुलतं, त्याच रेषेवर दोन्ही रबरं. चार सिलिंडरचं इंजिन थरथरायचं ते आपल्या जागी, माणसांपर्यंत ती थरथर पोचायची नाही. सिट्रोएननेही पुढल्याच वर्षी ही युक्ती परवाना घेऊन उचलली. एवढी थोर गोष्ट, आणि तिला बघायला कोणी वाकत नाही.

आपल्याकडे ती वाकून बघणारी तीन माणसं आहेत. पहिले आपले रबरवाले भाऊ. नख दाबून ते रबराचा कडकपणा सांगतात. मीटरवर धरलं तर शोअर 55 म्हणजे 55 च. त्यांच्यासारखा माणूस वसई तालुक्यात झाला नाही आणि होणार नाही, असं मी लिहितो आणि त्याची जबाबदारी घेतो. दुसऱ्या वहीवाल्या ताई. बोल्टच्या भोकांचं अंतर, पट्टीची जाडी, ठोकळ्याची उंची, सगळं त्यांच्या वहीत आहे. ती वही नसती तर आपण प्रत्येक गाडीला पुन्हा अंधारात चाचपडलो असतो. तिसरे फिटरमामा. गुडघे गेलेत, तरी पाठीखाली गोणपाट टाकून गाडीखाली सरकतात आणि कानानेच दुखणं ओळखतात.

गेल्या डिसेंबरातलं ते लग्न विसरता येत नाही. आपल्याच एका सभासदाची जुनी डॉज, नवरीला सेंट मायकल चर्चला न्यायची ठरली होती. आदल्या आठवड्यात रिव्हर्स टाकला की खालून ‘ठक्’! रिव्हर्समध्ये आणि पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्सवर पीळ सर्वात जास्त. फाउंडेशन फाटलेलं असलं की गिअरबॉक्स उचलला जाऊन आपटतो. काढून पाहिलं तर रबर पट्टीपासून सुटलं होतं. मागच्या सीलमधून तेल गळून ते फुगलं होतं, आणि उरलेलं काम खाऱ्या हवेच्या गंजाने केलं होतं.

तयार मिळणार नव्हतं, म्हणून नवंच करायचं ठरलं. डाय बनवायलाच दोन दिवस गेले. एका नगासाठी कोण प्रेस अडकवतो? एका ओळखीच्या कारखानदाराने जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास दिला. पट्ट्या सँडब्लास्ट केल्या, बाँडिंगचा हात दिला, कच्चं रबर डायमध्ये भरलं आणि दीडशे अंशाच्या आसपास शिजवलं. भाऊ सांगत होते की पूर्वी लोखंडाला पितळेचा मुलामा देऊन रबर धरवायचे. डाय उघडली तेव्हा गंधकाचा तो ओळखीचा वास आला आणि मामा म्हणाले, “पाव भाजला बघ.” रात्री घोड्यांवर गाडी चढवून फाउंडेशन बसवलं. दोन मिलिमीटरचा फरक निघाला. मामांनी वायसर काढला, घातला, पुन्हा काढला. प्रोपेलर शाफ्टचा कोन चुकला तर गाडी वेगात गुणगुणते, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही.

सकाळी चर्चच्या फाटकाशी बँड वाजत होता. नवरी उतरली, आणि गाडी मागे घ्यायची वेळ आली. नेमका तेव्हाच बँड थांबला. आम्ही चौघं श्वास रोखून उभे. रिव्हर्स पडला. काहीही ऐकू आलं नाही! मामांनी टोपी काढून डोकं पुसलं. पाहुण्यांना वाटलं, उकडतंय.

आता मनातली खंतही लिहितो. ती डॉज खरी म्हणजे अर्धीच डॉज. 1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना, म्हणून अशा कित्येक गाड्यांचं सहा सिलिंडरचं इंजिन काढून डिझेल बसवलं गेलं. गिअरबॉक्स बदलला, त्याखालचा आडवा क्रॉस मेंबर कापला, नवा चॅनेल वेल्ड केला, शाफ्ट तोकडा केला. गाड्या वाचल्या, पण मूळ बांधणी गेली. आपणही त्यातले भागीदार आहोत. आता काहींना पॉलियुरेथेनची फाउंडेशनं हवीत. टिकतात खरी, पण थरथर सरळ आत पाठवतात. मग फ्लोटिंग पॉवर कसली राहिली? अमेरिकेत 1955 ते 57 च्या शेव्हरोलेला नवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवायचा तर कॅटलॉगमधून तयार क्रॉस मेंबर मिळतो, कारण मूळ गाडीत मागचा आधार बेल हाऊसिंगच्या दोन्ही बाजूंना होता, गिअरबॉक्सच्या शेपटाखाली काहीच नव्हतं. तरुण सभासद विचारतात, तोच मागवू या ना! मागवा. मीही एकदा मागवला आहे, आणि बोल्ट घट्ट करताना मला स्वतःचीच थोडी लाज वाटली. ती वाटायला नको होती, हेही कबूल करतो.

मुलांवर मी रागावत नाही. सकाळची विरार लोकल पकडून अंधेरीला जाणाऱ्या पोराने रविवारी गाडीखाली झोपावं, हे सांगणारा मी कोण? पण बाळांनो, मोबाइलमध्ये गाडीचे फोटो काढता तेव्हा एकदा खाली वाका. चकचकीत क्रोम कुणीही पुसेल. ज्याच्यावर गाडी टेकलेली असते ते बघायला मात्र कपडे मळवावे लागतात. भाऊंचं नख आणि मामांचा कान वहीत उतरवता येत नाहीत. ते शेजारी बसूनच घ्यावे लागतात, आणि त्या दोघांची वयं तुम्हाला ठाऊक आहेत.

म्हणून सभासदांना दोन विनंत्या. जुनं, फाटलेलं, तेल प्यायलेलं कुठल्याही गाडीचं फाउंडेशन भंगारात देऊ नका. मंडळात आणून द्या, ताई त्याची मापं वहीत चढवतील. आणि पुढच्या रविवारी येताना घरातलं एक पोर सोबत आणा. गोणपाट आमच्याकडे आहे.