रोमन सुभेदाराचा अधिकार : सिसेरोच्या भाषणांचें प्रामाण्य

रोमन सुभेदाराच्या अधिकारांचें वर्णन करावयाचें म्हणजे ग्रंथकार प्रथम सिसेरोच्या व्हेर्रिसविरुद्ध भाषणांकडे धांव घेतात. तें साहजिकच आहे. इ. स. पू. ७३ ते ७१ पर्यंत सिसिलीवर असलेल्या या अधिकाऱ्यानें धान्याच्या दशमांशाची वसुली, न्यायदान आणि देवालयांतील मूर्ति यांची जी वाट लावली, तिचें इतकें तपशीलवार चित्र अन्यत्र नाहीं. तथापि हीं भाषणें फिर्यादीचीं, म्हणजे केवळ पूर्वपक्ष होत. शिवाय इ. स. पू. ७० सालच्या सुनावणींत पहिलें छोटें भाषण तेवढें झालें; साक्षी होतांच व्हेर्रिस मास्सिलियास निघून गेला, आणि पुढील पांच विस्तृत भाग न्यायसभेंत कधीं उच्चारलेच गेले नाहींत. प्रतिपक्षाचा वकील हॉर्टेन्सियस याला त्यांचें खंडन करण्याची वेळच आली नाहीं. उतारे मात्र बहुधा याच भागांतून घेतले जातात.

मग या ग्रंथाची किंमत कमी होते काय? आमच्या मतें, दोषांच्या यादीपुरती थोडी होते. अधिकाराच्या स्वरूपापुरती मुळींच नाहीं. सुभेदार आपलें आज्ञापत्र स्वतः काढी, न्याय स्वतः करी, आणि अधिकारावर असेतों त्याच्यावर खटला चालत नसे. लुबाडणुकीची दाद रोमास जाऊन मागावयाची, तीहि तो परतल्यावर! गॅव्हियस आपण रोमन नागरिक असल्याचें ओरडून सांगत असतां त्याला मेस्सानाजवळ क्रूसावर चढविलें, असें सिसेरो म्हणतो. वर्णनांत वकिली रंग असेल. व्हेर्रिसचा हात धरणारा तेथें कोणी नव्हता, यांत तो नाहीं.

परंतु या भाषणांशेजारीं सिसेरोचीं ॲटिकसला लिहिलेलीं पत्रें ठेवलीं पाहिजेत. इ. स. पू. ५१ मध्यें तो स्वतः सिलिशियाचा सुभेदार झाला. सायप्रस बेट त्याच सुभ्यांत होतें. तेथील सालामिस नगराला दिलेल्या कर्जावर स्काप्टियस शेंकडा ४८ दरानें व्याज मागत होता. आधींचा सुभेदार आप्पियस याच्या घोडेस्वारांनिशीं त्यानें नगरसभा कोंडली व पांच सभासद उपासमारीनें मेले होते. सिसेरोनें स्वार बेटाबाहेर काढले. त्याच्या आज्ञापत्रांत मर्यादा शेंकडा १२ होती. त्या हिशेबाची रक्कम नगरवासी देण्यास सिद्ध होते. पण खरा सावकार निघाला ब्रूटस, आप्पियसचाच जांवई. नगरवासी रक्कम देवळांत अनामत ठेवूं म्हणत असतां सिसेरोनें त्यांना थांबविलें, आणि निकाल न देतां प्रकरण पुढील सुभेदारावर टाकलें.

म्हणजे सुभेदाराच्या हाताला लगाम नव्हता असें नाहीं. तो प्रजेच्या हातीं नसून रोममधील वजनदार सावकारांच्या हातीं होता. व्हेर्रिसच्या भाषणांतून हें दिसत नाहीं, कारण तेथें सारा दोष एका दुष्ट मनुष्याचा ठरतो. सिसेरो दुष्ट नव्हता. त्यानें लांच खाल्ली नाहीं. त्याची कायदेशीर शिल्लक २२ लक्ष सेस्टर्स झाली, ती त्यानें इफिसस येथें इजारदारांपाशीं ठेविली होती असें तोच लिहितो.