कोम्ब जेलीचं पिल्लू ‘डिंभक’ आहे का? दोन पेपर शेजारी ठेवून वाचताना

आमच्या शेलूला समुद्र नाही. उल्हास नदी आहे आणि पावसाळ्यात खाचरांत बेडूकमासे. त्यामुळे ‘डिंभक’ म्हटलं की मला तेच दिसतात: शेपटीवाले, बेडकापेक्षा अगदी वेगळे, आणि मुख्य म्हणजे अंडी घालू न शकणारे. या शेवटच्या मुद्द्यावर आजचे दोन पेपर अडतात.

प्राणी एकच, नेमिऑप्सिस लायडी नावाची कोम्ब जेली. अंगावर कंगव्यासारख्या आठ रांगा, नर-मादी एकाच शरीरात, स्वतःची अंडी स्वतःच फलित करण्याचीही सोय. साधारण दिवसभरात अंड्यातून पिल्लू निघतं: गोलसर, दोन लांब शुंडके असलेलं. ही सिडिपिड अवस्था. पुढे दोन मोठ्या पाळ्या फुटल्या की त्याला प्रौढ म्हणायचं. कार्ल चुन यांनी १९व्या शतकात मांडलं की कोम्ब जेली डिंभक असताना एकदा प्रजनन करते, मग थांबते आणि प्रौढ झाल्यावर पुन्हा करते. पुढे बराच काळ हेच सांगितलं गेलं.

२०२२ मध्ये एडगर, पॉन्सियानो आणि मार्टिनडेल यांनी ‘पीएनएएस’मध्ये दाखवलं की नेमिऑप्सिसमध्ये मधला खंड नाहीच. अगदी लहान असताना प्रजनन सुरू होतं आणि खाणं नीट मिळालं तर चालूच राहतं. परिपक्वता म्हणजे कार्यक्षम अंडी-शुक्राणू तयार करता येणं, ही व्याख्या ते आधीच सांगून टाकतात. मला पेपरातली हीच गोष्ट सगळ्यात आवडली. खटकतं ते शीर्षक: ‘टिनोफोर हे थेट विकास होणारे प्राणी आहेत’. प्रयोग एका जातीवर आणि निकाल अख्ख्या संघावर! बेरोईला तर कुठल्याच अवस्थेत शुंडके नसतात. तिच्याबद्दल यातून काय समजायचं?

२०२४ मध्ये त्याच नियतकालिकात सोटो-एंजल आणि बुर्कहार्ट यांचा पेपर आला. शीर्षकात जातीचं नाव आहे, एवढी शिस्त त्यांनी पाळलीय. उपासमार आणि पाळ्या कापणं अशा ताणाखाली ६५पैकी १३ प्राणी पुन्हा सिडिपिड रूपात गेले. पाळ्या गेल्या, शुंडके परत आले. निरीक्षण जबरदस्त आहे. पण बातम्यांत त्याचं ‘म्हातारपणाकडून बाळपणाकडे’ झालं आणि माझी तक्रार तिथे आहे. सिडिपिडच जर प्रजनन करू शकतो, तर मागे नेमकं काय गेलं? शरीराची ठेवण गेली, हे दिसतं. परिपक्वता गेली असं म्हणायचं असेल तर अंडी मोजून दाखवावी लागतील. बेडकाचा पुन्हा बेडूकमासा झाला असता तर हा प्रश्नच आला नसता.

जर्नल क्लबला घेणार असाल तर २०२२चा पेपर आधी वाचा. आणि दुसऱ्यात त्या १३ इतकंच लक्ष उरलेल्या ५२ कडे द्या. ताण तर त्यांनाही दिला होता.