नास्तिकाचा आश्रमसंवाद

नास्तिकाने आस्तिकाशी बोलावे कसे, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत क्वचितच येतो. तेथे पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष असतात. समोर बसलेल्या आदरणीय माणसाचा चेहरा नसतो. गोरा या नावाने ओळखले जाणारे आंध्रातील विचारवंत गोपराजू रामचंद्र राव (१९०२–१९७५) यांचे ‘अ‍ॅन एथिइस्ट विथ गांधी’ (१९५१) हे छोटेखानी इंग्रजी पुस्तक महत्त्वाचे ठरते ते यामुळेच.

नास्तिक्यापायी महाविद्यालयातील नोकरी गमावलेले आणि १९४० मध्ये कृष्णा जिल्ह्यातील मुदुनूर येथे नास्तिक केंद्र स्थापन करणारे गोरा १९४४ च्या अखेरीस सेवाग्रामला आले. सामूहिक प्रार्थना हा ज्याच्या दिनक्रमाचा कणा, त्या आश्रमातही त्यांनी आपले मत झाकले नाही. निरीश्वरता आणि नास्तिक्य यांत भेद काय, असे गांधीजींनी विचारताच ते सांगतात की, पहिली केवळ नकारात्मक आहे. दुसरे म्हणजे त्या नकारातून सिद्ध होणारी विधायक जीवनदृष्टी. येथून संवाद ईश्वराच्या अस्तित्वापेक्षा अस्पृश्यतेच्या प्रश्नाभोवती अधिक फिरतो. ईश्वर आणि दैव यांवर भार टाकण्याची सवय सुटल्याखेरीज माणूस माणसाला समान मानणार नाही, हा गोरांचा आग्रह. गांधीजी तो स्वीकारीत नाहीत. परंतु त्या आग्रहामागचे कार्य ते आपलेच मानतात. वाद जिंकण्याची घाई दोघांनाही नाही.

पुस्तकाची मर्यादाही याच संवादरूपात आहे. नोंद एकाच पक्षाची, आणि ग्रंथरूपाने आली ती गांधीजींच्या पश्चात. लेखकाच्या मनातील द्वंद्वाला तीत फारसा वाव मिळालेला नाही. किशोरलाल मशरूवाला यांच्या प्रस्तावनेमुळे दुसरा स्वर काहीसा ऐकू येतो, एवढेच.

तरीही एका प्रसंगाने ही उणीव भरून निघते. गोरांची थोरली कन्या आणि एक दलित तरुण यांचा विवाह सेवाग्रामात व्हावा, हे गांधीजींनी मान्य केले. विधीत ईश्वराऐवजी सत्याचा उच्चार करण्यासही त्यांची संमती होती. त्यांच्या हत्येनंतर, मार्च १९४८ मध्ये, तो विवाह तेथेच झाला. भूमिका दोघांपैकी कोणीही सोडली नव्हती. पण एक मंगलकार्य मिळून पार पाडण्याइतकी समान भाषा त्यांना गवसली होती. तिची घडण दाखवणे, हे या पुस्तकाचे खरे श्रेय.