सुनावणी अधिकाऱ्यांचे पर्यवेक्षण आणि अपिलाचा न्याय : जेरी मॅशॉ यांच्या ‘ब्युरोक्रॅटिक जस्टिस’ या ग्रंथाची चिकित्सा

प्रास्ताविक

कल्याणकारी राज्यात शासकीय लाभ नाकारला गेलेल्या नागरिकाच्या हाती अपील हेच मुख्य साधन उरते. परंतु हे अपील ऐकणारा अधिकारी पुष्कळदा ज्या यंत्रणेने लाभ नाकारला त्याच यंत्रणेचा सेवक असतो. त्याच्यावर देखरेख ठेवली नाही तर निर्णय मनमानी होण्याचा धोका, आणि ठेवली तर निर्णय वरिष्ठांच्या इच्छेनुसार वळण्याचा धोका, असा हा दुहेरी पेच आहे. येल विद्यापीठातील विधी-अभ्यासक जेरी मॅशॉ यांचा ‘ब्युरोक्रॅटिक जस्टिस’ (१९८३) हा ग्रंथ या पेचाचा गांभीर्याने विचार करणाऱ्या मोजक्या ग्रंथांपैकी एक होय. प्रस्तुत लेखात या ग्रंथाच्या मध्यवर्ती प्रतिपादनाचा परामर्श घेऊन, अमेरिकेतील दोन प्रसंगांच्या आधारे त्याची शक्ती व मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

ग्रंथाची पार्श्वभूमी

‘गोल्डबर्ग विरुद्ध केली’ (१९७०) या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, सार्वजनिक साहाय्य बंद करण्यापूर्वी लाभार्थ्याला सुनावणी मिळाली पाहिजे, निर्णय देणारा नि:पक्षपाती असला पाहिजे आणि त्याने आपली कारणे सांगितली पाहिजेत, असा निर्णय दिला. सहा वर्षांनी ‘मॅथ्यूज विरुद्ध एल्ड्रिज’ (१९७६) या खटल्यात त्याच न्यायालयाने अपंगत्व लाभाच्या बाबतीत अशी पूर्वसुनावणी आवश्यक नाही असे ठरविले. या दोन निर्णयांनी सुनावणी केव्हा द्यावी, यावरील वादाला दिशा दिली. सुनावणी घेणाऱ्याचे काम चांगले होते आहे की नाही हे कसे ओळखावे, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. मॅशॉ तेथून सुरुवात करतात.

त्यांचे अभ्यासक्षेत्र सामाजिक सुरक्षा प्रशासनाचा अपंगत्व विमा हे आहे. या योजनेत अर्जावर पहिला निर्णय राज्याच्या कार्यालयातील परीक्षक घेतात. त्यानंतर फेरविचार, प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणी, अपिलीय परिषद आणि शेवटी संघराज्य न्यायालय अशी उतरंड आहे. १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याने सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला स्वातंत्र्याचे संरक्षण दिले आणि त्यातूनच पुढे प्रशासकीय न्यायाधीशाचे पद आकाराला आले. या न्यायाधीशांचे वार्षिक कामगिरी-मूल्यमापन खाते करू शकत नाही आणि सबळ कारण सिद्ध झाल्याखेरीज त्यांना पदावरून दूर करता येत नाही.

ग्रंथाचे प्रतिपादन

मॅशॉ प्रशासकीय न्यायाची तीन प्रतिमाने मांडतात : नोकरशाही विवेकशीलता, व्यावसायिक उपचार आणि नैतिक निवाडा. पहिल्यात अचूकता व काटकसर, दुसऱ्यात तज्ज्ञाने गरजूची केलेली सेवा आणि तिसऱ्यात प्रत्यक्ष समोर उभ्या असलेल्या व्यक्तीला दिलेला न्याय महत्त्वाचा ठरतो. सुनावणी ही तिसऱ्या प्रतिमानाची उपज आहे. मॅशॉ यांचा कल मात्र पहिल्या प्रतिमानाकडे आहे. नकार मिळालेला प्रत्येक अर्जदार अपील करीत नाही. जो करतो, त्याचे भवितव्य शेकडो न्यायाधीशांपैकी कोणापुढे प्रकरण गेले यावर अवलंबून राहते. म्हणून नमुना-तपासणी, चुकांचे मापन आणि स्पष्ट अंतर्गत नियम यांच्या साहाय्याने यंत्रणेने स्वत:च आपली गुणवत्ता राखावी, ही त्यांची भूमिका आहे.

या भूमिकेचे मोल नाकारता येणार नाही. एकेका प्रकरणातील न्यायाने संपूर्ण यंत्रणेत सुसंगती येत नाही, हे त्यांनी नि:संदिग्धपणे दाखविले. पर्यवेक्षण म्हणजे स्वातंत्र्यावरील आक्रमण, हे सोपे समीकरणही त्यांनी मोडीत काढले.

पहिला प्रसंग : मंजुरीच्या प्रमाणावर नजर

ग्रंथ प्रसिद्ध होत असतानाच त्यातील विचाराची कसोटी पाहणाऱ्या घटना घडत होत्या. १९८० च्या दुरुस्ती कायद्यातील बेलमन तरतुदीने सुनावणीतील निर्णयांचे पुनर्विलोकन करण्यास सांगितले. १९८१ पासून प्रशासनाने त्यासाठी मंजुरीचे प्रमाण अधिक असलेले न्यायाधीश निवडले आणि त्यांचे मंजुरीचे निर्णय तपासण्यास आरंभ केला. कोणत्या न्यायाधीशाने किती दावे चुकीने फेटाळले, याचा शोध या तपासणीत नव्हता. त्याच काळात लाभार्थ्यांच्या फेरतपासणीची मोहीम चालू होती. तिच्यात जवळजवळ पाच लाख लोकांचे लाभ बंद करण्याचे निर्णय झाले आणि सुमारे दोन लाख लोकांना ते अपिलानंतर परत मिळाले.

न्यायाधीशांच्या संघटनेने या लक्ष्यनिश्चितीला न्यायालयात आव्हान दिले. १९८४ च्या निकालात न्यायमूर्ती जॉइस हेन्स ग्रीन यांनी, मंजुरीच्या प्रमाणावरील अविरत भराने न्यायाधीशांच्या स्वतंत्र निर्णयशक्तीवर दडपण येऊ शकते असे नोंदविले. तोपर्यंत प्रशासनाने ही पद्धत बदलली असल्यामुळे मनाई हुकूम दिला गेला नाही.

दुसरा प्रसंग : निकालांच्या संख्येवर नजर

२००७ च्या सुमारास सुनावणीसाठी प्रलंबित प्रकरणे सात लाखांहून अधिक झाली होती. त्या वर्षी मुख्य प्रशासकीय न्यायाधीशांनी प्रत्येक न्यायाधीशाने वर्षाला ५०० ते ७०० प्रकरणे निकाली काढावीत अशी अपेक्षा कळविली. वरवर पाहता हा आकडा तटस्थ आहे. कारण निकाल कोणाच्या बाजूने द्यावा हे तो सांगत नाही. परंतु शेकडो पृष्ठांची वैद्यकीय कागदपत्रे वाचून कारणांसह नकार लिहिण्यापेक्षा मंजुरी देणे कमी वेळेचे असते.

पश्चिम व्हर्जिनियातील हंटिंग्टन कार्यालयातील न्यायाधीश डेव्हिड डॉहर्टी यांनी २०१० च्या आर्थिक वर्षात १,२८४ प्रकरणे निकाली काढली आणि केवळ चार फेटाळली. ते एरिक कॉन या वकिलाची प्रकरणे स्वत:कडे घेत होते आणि त्याच्याकडून त्यांना सहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली होती, हे पुढे उघड झाले. कार्यालयातील कर्मचाऱ्यांनी याविषयी तक्रारी केल्या होत्या. परंतु कार्यालयाचे मासिक उद्दिष्ट याच न्यायाधीशामुळे पूर्ण होत असल्याने त्यांकडे दुर्लक्ष झाले, असे सिनेटच्या समितीच्या २०१३ च्या अहवालातून दिसते. कार्यालयप्रमुख चार्ली अँड्रस यांनी तक्रारदाराविरुद्ध सूड उगविण्याच्या कटातील सहभाग २०१६ मध्ये, तर डॉहर्टी यांनी आपला गुन्हा २०१७ मध्ये कबूल केला.

या पर्यवेक्षणाच्या अपयशाची किंमत अखेर दावेदारांना मोजावी लागली. कॉन यांच्या पंधराशेंहून अधिक पक्षकारांची प्रकरणे पुन्हा उघडण्यात आली. संशयित वैद्यकीय पुरावा खरा असल्याचे दाखविण्याची संधीही त्यांना दिली गेली नाही. सहाव्या विभागीय अपील न्यायालयाने २०१८ मध्ये ही कार्यपद्धती घटनाबाह्य ठरविली.

चिकित्सा

हे दोन प्रसंग एकमेकांच्या उलट वाटतात. एकात मंजुरीवर दडपण आले, तर दुसऱ्यात मंजुरीचा पूर आला. तथापि दोन्हींचे मूळ एकच आहे. दोन्हींत पर्यवेक्षकाने निर्णय वाचण्याऐवजी निर्णयांची बेरीज वाचली. मॅशॉ यांच्या प्रतिपादनात चुकांचे मापन करणारा व्यवस्थापक तटस्थ गृहीत धरलेला आहे. प्रत्यक्षात तो पैसे देणाऱ्या आणि प्रलंबित प्रकरणांसाठी उत्तरदायी असणाऱ्या खात्याचा प्रतिनिधी असतो. खात्याला जी चूक महाग पडते ती त्याला आधी दिसते.

येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घेतला पाहिजे. चुकीने दिलेली मंजुरी खात्याच्या हिशेबात वर्षानुवर्षे राहते. चुकीने दिलेला नकार मात्र दावेदार पुढे गेला तरच नोंदला जातो. थकलेला, आजारी, वकील नसलेला मनुष्य पुढे गेला नाही, तर ती चूक कोणत्याही तक्त्यात येत नाही. म्हणून केवळ मंजुरी तपासणारे पर्यवेक्षण अपुरे असते, इतकेच नव्हे तर ते पक्षपाती असते. ग्रंथात या असमतोलाला जेवढे स्थान मिळावयास हवे होते तेवढे मिळालेले नाही.

याचा अर्थ देखरेख नसावी असा नाही. हंटिंग्टन येथे कायद्याने दिलेले स्वातंत्र्य पुरेपूर होते, तरीही अन्याय झाला. पर्यवेक्षकाने पुरावा नोंदला गेला का, दावेदाराला बोलू दिले का, प्रकरणे क्रमाने वाटली गेली का, कारणे पुराव्याशी जुळतात का, हे अवश्य तपासावे. मंजूर व नामंजूर दोन्ही निर्णयांतून यादृच्छिक नमुना घ्यावा. निकाल कोणत्या बाजूने लागला, यावरून मात्र अधिकाऱ्याची गुणवत्ता ठरवू नये.

महाराष्ट्राच्या संदर्भात

ही चर्चा आपल्यालाही परकी नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार धान्याच्या हक्काविषयीची तक्रार जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि अपील राज्य अन्न आयोगाकडे जाते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये पहिली दोन अपिले त्याच विभागातील वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढे चालतात व तिसरे आयोगापुढे. विहित मुदत हा या दुसऱ्या कायद्याचा कणा आहे आणि नागरिकासाठी ती मोलाचीही आहे. परंतु मुदतीत दिलेला सकारण निर्णय आणि मुदतीत दिलेला एका ओळीचा नकार, हे दोन्ही तक्त्यात सारखेच दिसतात, याचे भान आपल्या पर्यवेक्षकांनीही ठेवावयास हवे.

समारोप

सुनावणीपुरता न्यायाचा विचार अपुरा आहे, हे मॅशॉ यांनी पटवून दिले आणि म्हणूनच त्यांचा ग्रंथ आजही वाचनीय ठरतो. सुनावणी घेणाऱ्यावर देखरेख करणाराही कोणाला तरी उत्तरदायी असला पाहिजे, हा त्या विचाराचा पुढील टप्पा होय. अपील न करता घरी परतलेल्या दावेदाराची नोंद ज्या पर्यवेक्षणात होत नाही, त्याला गुणवत्तेची हमी म्हणता येणार नाही.