'बाष्कळ' हा शेरा

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील लेखनस्पर्धेच्या वह्या तपासण्याचे काम आमच्याकडे आले होते. त्यांपैकी एका वहीच्या समासात आम्ही लाल शाईने एकच शब्द लिहिला: 'बाष्कळ'. परीक्षक म्हणून तो लिहिताना आम्हांस कसलाही संकोच वाटला नाही. आज त्या शब्दाचेच परीक्षण करावेसे वाटते. निरर्थक बोलण्या-लिहिण्याला मराठीत नावे पुष्कळ आहेत. ती वापरताना मात्र आपण फारसा विचार करीत नाही.

ही नावे पंडितांनी घडवलेली नाहीत. त्यांतील कित्येक गोठ्यातून, मळ्यातून आणि ओसरीवरून आली आहेत. दूध न देणारी गाय किंवा म्हैस ती भाकड; म्हणून जिच्यातून हाती काही लागत नाही ती भाकडकथा. चऱ्हाट म्हणजे जाड दोर. तो वळत राहावे तसतसा लांबत जातो, म्हणून लांबण लावणारा 'चऱ्हाट वळतो'. सूत काढण्याची टकळी गरगर फिरते, तशी तोंडाचीही टकळी चालू होते. चरकाला जुंपलेले बैल एकाच वर्तुळात फिरत राहत, म्हणून न संपणाऱ्या चर्चेला गुऱ्हाळ म्हणतात. (ह्या उपमेवर आमचा एक आक्षेप आहे. गुऱ्हाळातून शेवटी गूळ तरी निघतो. आम्ही बसलो आहोत त्या बहुतेक सभांतून तेवढेही निघालेले नाही.)

ह्यांतील प्रत्येक शब्दाचा आरोप वेगळा आहे. 'पाल्हाळ' म्हटले की तक्रार लांबीची असते, अर्थाची नव्हे. 'वायफळ' बोलण्याला अर्थ असू शकतो, फक्त त्याचे फळ नसते. 'वल्गना' ह्या शब्दाच्या मुळाशी उड्या मारणे आहे. तिच्यात बढाई येते. 'बरळणे' हे ताप, झोप किंवा मद्य ह्यांच्या अमलाखाली होते. 'आजोबा वायफळ बोलतात' आणि 'आजोबा बरळतात' ही दोन वाक्ये घरात एकाच त्राग्याने उच्चारली जातात. पहिल्याने आजोबांचे बोलणे नाकारले जाते, दुसऱ्याने त्यांची शुद्धच नाकारली जाते. आणि आजोबांना ऐकू येत असते.

'बाष्कळ' ह्या सर्वांहून कठोर. त्यात अर्थहीनतेबरोबर थिल्लरपणाचाही आरोप येतो. समर्थ रामदासांनी दासबोधात उत्तम लक्षणे सांगताना बाष्कळांच्या संगतीत बसण्याची मनाई केली आहे. तेथे हे विशेषण बोलण्याला लागत नाही, माणसांनाच लागते. आजही त्याची तीच खोड आहे. लेखनाला म्हणून लावावे, आणि ते लेखकाला जाऊन चिकटते.

अलीकडे ह्या सगळ्यांच्या जागी 'बकवास' हा एकच शब्द आला आहे. चित्रपट बकवास, भाषण बकवास, कवितासंग्रहही बकवास. हिंदीतून आला म्हणून आमचा त्याच्यावर राग नाही. मराठीने पाहुण्यांना नेहमीच जागा दिली आहे. पण 'बकवास' म्हणणाऱ्याची नाराजी तेवढी कळते. पुस्तक लांबले, फसले, की बढाईखोर आहे, हे काहीच कळत नाही. ओसरीवर ते चालेल. पुस्तकपरीक्षणात हा शब्द लिहिणाऱ्याने आपले काम अर्ध्यावरच टाकले, असे आम्ही समजतो.

शिवाय प्रत्येक अर्थशून्य दिसणारे लेखन सदोष असते असेही नाही. विंदा करंदीकरांचे 'एटू लोकांचा देश' पाहावे. तेथे जगाचे नियम मुद्दाम उलटेपालटे केलेले आहेत, आणि मुले नेमकी त्यावरच खूश होतात. २००३चे ज्ञानपीठ ज्या कवीला मिळाले, त्याला हे लिहिताना भान सुटले होते असे कोण म्हणेल?

घाईने शेरा मारण्याचा सर्वांत ठळक दाखला शुभवर्तमानातच आहे. संत लूकच्या चोविसाव्या अध्यायात मरिया मग्दालिया, योहान्ना, याकोबाची आई मरिया आणि त्यांच्याबरोबरच्या इतर स्त्रिया रिकाम्या कबरेहून परततात व प्रेषितांना वृत्तान्त सांगतात. प्रेषित तो वायफळ ठरवितात. मूळ ग्रीकमध्ये तेथे 'लेरोस' हा शब्द आहे. संपूर्ण नव्या करारात तो ह्या एकाच ठिकाणी येतो. ग्रीक वैद्यकीय लेखनात ह्या शब्दकुळाचा उपयोग तापातील बडबडीसाठीही केलेला आढळतो. म्हणजे आपल्या 'बरळण्या'च्या अगदी शेजारचा. पौलाच्या पत्रात लूकला वैद्य म्हटले आहे, हे येथे आठवते. समीक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की लूक तो शब्द स्वतःच्या तोंडी घेत नाही. ते बोलणे प्रेषितांना तसे 'वाटले', एवढेच तो नोंदवितो आणि लगेच पुढच्या ओळीत पेत्राला कबरेकडे धावायला लावतो. 'वाटले' ह्या क्रियापदाने शेरा मारणाऱ्याकडेच परत येतो.

'प्रेषितांची कृत्ये' ह्या ग्रंथातही, अथेन्सचे विद्वान संत पौलाला जी शिवी देतात तिचा मूळ अर्थ दाणे टिपणारा पक्षी असा आहे: इकडचे तिकडचे वेचून बोलणारा. तेथेही ऐकण्याआधीच नाव ठेवून झाले होते.

आता त्या वहीकडे वळतो. ती सत्तरी गाठलेल्या एका मावशींची होती. सासूबाई रोज संध्याकाळी गोठ्यात जाऊन भाकड म्हशीशी काय बोलत, एवढाच विषय. आणि लेखन सामवेदी बोलीत, उच्चार देवनागरीत जसे जमले तसे उतरवलेले. विरामचिन्हे नव्हती. आमचे शिक्षण प्रमाण मराठीतले. निम्मे शब्द आम्हांला समजलेच नव्हते. खरे तर 'दुर्बोध' एवढे लिहिता आले असते, आणि त्यामागे 'आम्हांला' हा शब्द जोडणे भाग होते.

पुढे एका रविवारी मिस्सानंतर आम्ही मावशींकडे गेलो आणि ते लेखन त्यांनीच वाचून दाखवावे अशी विनंती केली. कागदावर जे तुटक वाटले होते ते त्यांच्या आवाजात सलग झाले. गहाण पडलेला दागिना, मुंबईला गेलेल्या मुलाचे न आलेले पत्र, पोटातले दुखणे: घरात कोणालाच सांगता येण्यासारखे नव्हते ते सासूबाई म्हशीला सांगत असत. ती पुन्हा विणार, दुभती होणार, ह्या भरवशावर सारे बोलणे चालले होते. भाकड म्हणजे वांझ नव्हे, हे आम्हांला शब्दकोशाने कधी इतके स्पष्ट सांगितले नव्हते.

समासातल्या शब्दाविषयी मावशी काही बोलल्या नाहीत. वही हाती घेतल्यावर दिसले, की त्यावर नातवाच्या शाळेच्या पुस्तकांना लावतात तसली एक कोरी नावपट्टी नीट चिकटवलेली होती.