‘राजी’ : खेळप्रकार, नियंत्रणपद्धती आणि नायिकेचे चित्रण

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने २०२० मध्ये ‘राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ हा व्हिडिओ गेम बाजारात आणला. स्थूलमानाने तो साहस-युद्ध या प्रकारात मोडतो. मात्र त्यातील नायिकेचे व्यक्तिचित्रण कथनापेक्षा नियंत्रणपद्धतीतून अधिक घडते. राजी कसरतपटू आहे. खांबाभोवती गिरकी घेऊन, भिंतीवरून झेपावून ती असुरांवर प्रहार करते. हे कौशल्य तिचे स्वतःचे आहे. त्रिशूळ मात्र दुर्गेने दिलेला. कथाही दुर्गा व विष्णू यांच्या संवादातून उलगडते. अपहृत भावाचा शोध घेणारी ही बहीण कथनात देवतांची निवड ठरते, तर खेळाडूच्या हाती ती कर्ती होते. म्हणूनच केवळ कथानकावरून स्त्रीप्रतिमेचा निवाडा करणारी समीक्षा येथे अपुरी पडते, असे म्हणावे लागते.